टेकडी उतरवली, सर

सर, तुम्ही गेलात त्याला अजून पुरता पंधरवडाही झालेला नाही आणि तुमचा पुतळा घडवायला टाकलेला आहे. अर्धाच आहे, छातीपर्यंत. तुम्हाला पूर्ण आवडला असता, मला ठाऊक आहे. शोकसभेत ठराव झाला तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुतळा बसवायचा कुठे यावर चर्चासुद्धा झाली नाही. शाळेच्या मागच्या टेकडीवर, अगदी माथ्यावर. दुसरीकडे कुठे बसवणार?

सभा संपल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. संस्थेचा अध्यक्ष म्हणजे आपला विठ्ठल, माझ्याच वर्गातला. चारचौघांत तो मला सर म्हणतो, एकटा असलो की दिलवर. म्हणाला, "दिलवर, पुतळा वर चढावना शे. दगड, रेती, सिमिट, बठ्ठं वर लागी. शनवारे श्रमदान शे ना? वसतिगृहना पोऱ्यासले लावी दे."

मी मान हलवली. मुख्याध्यापकाला वेळेवर मान हलवता आली पाहिजे, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग त्यानं स्मृतिपुस्तिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली. तुमचं जन्मगाव, शिक्षण, सेवा, निवृत्ती, मिळालेले सत्कार. ते दुसरं कुणीही लिहील. मी तुमच्याशीच बोलतो. छापायचं की नाही ते विठ्ठल ठरवील.

ही टेकडी मुळात तिथे नव्हती, हे आता शाळेत फारसं कुणाला ठाऊक नाही. नवे शिक्षक विचारतात, तापीकाठच्या या सपाट काळ्या रानात मध्येच उंचवटा कसा? आसपास केळी, ऊस, कापूस, सगळी जमीन ताटासारखी. ती टेकडी आम्ही केली, सर. आम्ही म्हणजे वसतिगृहवाल्यांनी. शाळेत तेव्हा दोन प्रकारची मुलं होती. गावातली आणि शेजारच्या गावांतली, बागायतदारांची मुलं सायकलवर यायची आणि शाळा सुटली की सायकलवर घरी जायची. आम्ही सातपुड्यातून आलेलो, काठी गावच्या आणि त्याही पलीकडच्या पाड्यांवरून. आम्हाला सायकल नव्हती आणि संध्याकाळी जायला घर नव्हतं. वेळापत्रकात शनिवारच्या शेवटच्या तासाला श्रमदान लिहिलेलं असे. सायकलवाले कुंड्यांना चुना फासून हात धुवायचे. आम्ही जेवणाची घंटा होईपर्यंत घमेली वाहायचो. दान हे देणाऱ्याच्या मनावर असतं, असा माझा तेव्हा समज होता.

इतिहासाच्या पुस्तकात युरोपच्या मध्ययुगावर जेमतेम अर्धं पान होतं. ते अर्धं पान तुम्ही हिवाळाभर पुरवलंत. इंग्लंडातले किल्ले! तुम्ही इंग्लंड पाहिलेलं नव्हतं, मुंबईसुद्धा बिचकत पाहिली होतीत. पण खडू हातात आला की तुमचं मनगट वेगळंच व्हायचं. फळ्यावर एका रेषेत खंदक, दुसऱ्या रेषेत टेकडी, तिच्यावर लाकडी मनोरा, खाली कुंपणाचं अंगण. समुद्रापलीकडून आलेल्या राजानं इंग्लंड जिंकलं आणि गावोगावी असे मातीचे ढीग उभे केले, म्हणून सांगायचात. दगडाला वेळ लागतो, माती लगेच उभी राहते. मग खडू ठेवून म्हणालात, आपणही करून बघू. तुमच्या त्या 'आपण' या शब्दावर माझा अजून राग आहे.

काळी माती तुमचं ऐकणारी नव्हती. पावसाळ्यात फुगायची, मग फुटायची, मग बसायची. दसऱ्यानंतर आम्ही तिला पुन्हा उभी करायचो. तुम्ही खाली आंब्याच्या सावलीत उभे राहून ओरडायचात, आणि ओरडताना तुमची शाळेतली मराठी गळून पडायची. "काय रे, हात दुखी ऱ्हायनात का? दाबा तिले, पायघाई दाबा!" आम्ही पायांनी दाबायचो. टेकडी दरवर्षी थोडी उंच झाली आणि आम्ही दरवर्षी थोडे मोठे झालो.

मग स्नेहसंमेलन. माथ्यावर बांबूच्या चटयांचा मनोरा, त्यात पुठ्ठ्याचा मुकुट घालून राजा. राजा विठ्ठल. सरदार सगळे सायकलवाले. आम्ही शत्रू. आम्ही खालून ओरडत चढायचं, वरून येणारे मातीचे गोळे खायचे आणि गडगडत खाली यायचं. पडायचं कसं हेसुद्धा तुम्ही आम्हाला शिकवलं होतं, डोकं सांभाळून, कुशीवर. आम्ही दरवर्षी हरलो. मग तुम्ही पाहुण्यांना टेकडी दाखवून म्हणायचात, "ही आमच्या शाळेनं उभी केली." एखादा पाहुणा विचारायचा, कुणी केली म्हणालात? तुम्ही म्हणायचात, शाळेनं.

पुढे मी तुमच्याकडे आयुष्यभर एकच वाक्य मागितलं. मुलांसमोर उभं राहून म्हणा, ही माती वसतिगृहाच्या पोरांनी वाहिली. तुमच्यासारख्या तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला ते जड जायला नको होतं.

आता होळीचं. हे पुस्तिकेत चालणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नववीत होतो. त्या आधीच्या पावसाळ्यात मी तापानं मरता मरता वाचलो होतो आणि बाप नवस बोलला होता, की काठीच्या होळीला आम्ही दोघं बापलेक अंगावर राखेचे ठिपके काढून, कमरेला भोपळे बांधून नाचू. दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गुजरातेत गेला. होळीच्या आधी तिथून निघाला आणि पाड्यावर न जाता आधी शाळेच्या दाराशी आला, मला न्यायला. तो दिवस भेटीचा नव्हता. भेटीचा दिवस रविवार, हा तुमचा नियम. होळीला गेलेलं डोंगरातलं पोरगं परत येत नाही, हा तुमचा अनुभव. नियम आणि अनुभव असे दोन्ही हातात असले की माणसाला दार उघडायची गरजच पडत नाही.

तिथे काय बोलणं झालं ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. शाळेचे शिपाई असलेल्या आपल्या हसनकाकांनी ते मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, मी याच शाळेत मास्तर होऊन आलो तेव्हा. बाप आत बोट दाखवून म्हणाला होता, "मन्हा पोऱ्या शे मझार. होळीले लई जाऊ दे. नई ते नुसता देखी लेऊ दे."

हसनकाका आत जाऊन तुम्हाला विचारून आले. "सर नई म्हंतस. रईवारे ये."

"रईवारे होळी हुई जाई ना, भाऊ."

हसनकाका पुन्हा आत गेले. तुम्ही तपासत असलेल्या पेपरावरून मान वर केली नाहीत, असं ते म्हणाले. बाप दारासमोर रस्त्याच्या कडेला धुळीत बसला. ऊन उतरेपर्यंत बसला. शनिवार नसूनही मी त्या वेळी मागच्या बाजूला टेकडीवर घमेली ओतत होतो. त्याच्या आणि माझ्या मध्ये फक्त शाळेची इमारत होती. जाताना त्यानं हसनकाकांच्या हातात फडकं दिलं. त्यात उसाच्या कांड्या होत्या, सोलून, साफ करून, माझ्यासाठी. तो दिवसभर ऊस तोडायचा, पण तोडणाऱ्याला खायला मिळतोच असं नाही. हसनकाकांनी फडकं तुमच्या टेबलावर ठेवलं. बाहेरचं खाणं वसतिगृहात चालत नाही, तुम्ही म्हणालात. तेही नियमातच होतं.

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या माथ्यावर कुंपण उभं होतं. पहिल्या किल्ल्यांना लाकडी खुंटांचं कुंपण असायचं, तुम्ही शिकवलं होतं. तुम्ही त्या कांड्यांना टोकं काढून त्या मातीत ओळीनं रोवल्या होत्यात. "बघा, कसं हुबेहूब दिसतं!" म्हणालात. आम्ही बघितलं. खरंच हुबेहूब दिसत होतं. मला आठवतं, मी तुम्हाला विचारलं होतं, सर, ऊस कुठून आणला? तुम्ही म्हणालात, मिळाला. दोन दिवसांनी शेळ्यांनी कुंपण खाऊन टाकलं आणि तुम्ही शेळीवाल्याला शिव्या घातल्यात.

आणि सर, त्याच होळीच्या दुपारी तुम्ही मला माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर धडा शिकवलात. हे मला तुम्हाला माफ करता येत नाही. थांबवलेली पोरं रुसून झोपली होती. मी ओसरीत बसलो होतो. तुम्ही स्वतःच्या घरची पुरणपोळी डब्यात घेऊन आलात, सणाच्या दिवशी बायकोमुलांना सोडून, आणि ओसरीच्या फरशीवर खडू घेऊन गुडघ्यांवर बसलात. नववीतल्या एका पावरा आदिवासी पोरासाठी. तिथे तुम्ही मला इंग्लंडच्या किल्ल्यांची सगळी वाढ काढून दाखवलीत, पहिल्या मातीपासून.

"मातीवर लाकूड. लाकूड जळतं, कुजतं, म्हणून दगड. पण भरावाच्या मातीवर दगडाचा मनोरा चढवला तर काय होईल?"

"खचेल, सर."

"शाबास. भराव मुरायला पिढी जाते. म्हणून शहाण्यानं टेकडीच्या कडेनं नुसता दगडी तट फिरवला, नाहीतर टेकडी सोडून पक्क्या जमिनीवर चौकोनी मनोरा बांधला." मग चौकोनाचा कोपरा खडूनं ठळक केलात. शत्रू कोपऱ्याखाली भुयार खणतो, लाकडाचे टेकू देतो, टेकूंना डुकराची चरबी लावून पेटवतो. टेकू जळाले की कोपरा ढासळतो. म्हणून पुढे बुरूज गोल झाले, गोलाला कोपराच नाही. मग शत्रू दाराकडे वळला, म्हणून दार सर्वांत मजबूत झालं. इथे तुमचे डोळे चमकायला लागले. दोन बुरुजांमध्ये दार, वरून धाडकन पडणारी लोखंडी जाळी, आत पुन्हा दुसरी जाळी, मधल्या बोळाच्या छताला भोकं, वरून दगड, उकळतं पाणी. "दारात आलेल्या माणसाला आतही जाता येत नाही नि बाहेरही," तुम्ही म्हणालात आणि हसलात. तुमच्या दारातून माझा बाप परत गेला त्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते.

शेवटी दुहेरी तटाचा किल्ला काढलात, एकात एक, आतला तट बाहेरच्याहून उंच. किल्ल्यांचा राजा म्हणालात. मी विचारलं, "मग पुढे काय झालं, सर?" तुम्ही हातावरचा खडू झटकलात. "पुढे काय? झाला पूर्ण." आणि मला पुरणपोळी दिलीत. मी ती खाल्ली. गोड होती.

त्या दुपारी मी ठरवलं की मला इतिहास शिकवायचा. बापानं मला नेलं असतं तर मी नाचलो असतो, मग त्याच्या मागे उसाच्या फडावर गेलो असतो, आणि आज माझ्या हातात खडूऐवजी कोयता असता. हेही खरं आहे, आणि ते तुम्ही मला पुरेपूर ऐकवलंत. हसनकाकांकडून कळल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत तुमच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, माझ्या बापाला दारातून का परत पाठवलंत? तुम्ही चष्मा काढून पुसलात. "मग? सोडलं असतं तर आज मास्तर होऊन हे विचारायला तू इथे आला असतास का?" खोलीतले सगळे हसले. मी नाही हसलो. तुमच्या बोलण्याला उत्तर नसायचं ही तुमची खरी क्रूरता होती. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडणं सोपं असतं.

मग मी वाचायला लागलो. शहाद्याच्या ग्रंथालयात, धुळ्याला जाऊन, मिळेल ते. तुमचे किल्ले मी तुमच्याविरुद्ध वाचले. तुम्ही गाळलेलं एकेक सापडत गेलं. ते मातीचे ढीग जिंकलेल्यांनी घातले नव्हते, हरलेल्यांकडून घालून घेतले होते. शहरांत किल्ल्याला जागा हवी म्हणून राहती घरं पाडली होती. आणि तुमचा तो किल्ल्यांचा राजा, दुहेरी तटाचा? त्यातले सर्वांत देखणे इंग्लंडात नाहीतच, शेजारच्या वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखात आहेत, डोंगरातल्या लोकांना धाकात ठेवायला बांधलेले. किल्ल्याला लागून तटबंदीचं गाव वसवायचे आणि त्यात डोंगरातल्या माणसाला राहायला मनाई. हे मी तुम्हाला धावत येऊन सांगितलं. तुम्ही शांतपणे चहा प्यायलात. "माहीत आहे मला," म्हणालात. "मुलांना बुरूज सांगावेत. बाकीचं ती मोठी झाली की वाचतात. तू वाचलंसच ना?"

एकदाच तुमच्या तोंडून वेगळं काही बाहेर पडलं. तुम्ही निवृत्त होण्याच्या सुमारास आपण टेकडीपाशी उभे होतो. तुमच्या गावाला म्हणे जुनी गढी होती, पांढऱ्या मातीची. लोक घरं लिंपायला, शेतात टाकायला पाटीपाटीनं तिची माती नेत राहिले. तुम्ही लहानपणी रोज बघायचात, आज कुठला कोपरा गेला. तुमच्या आजोबांनी ओरडून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. तुम्ही शहरात शिकून परत येईपर्यंत गढीच्या जागी उकिरडा झाला होता. "लोकांना माती दिसते रे, दिलवर. किल्ला दिसत नाही," म्हणालात. मला तुमची दया आली, सर. एका लहान मुलाची गढी गेली म्हणून आमच्या पाठी मोडल्या, हे त्याच क्षणी कळूनसुद्धा आली.

मी मुख्याध्यापक झालो तेव्हा बापाला आणायला मी स्वतः गाडी पाठवली. म्हटलं, बघ, आता सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. तो उतरला आणि दारासमोर उभा राहिला. मी आतून हाका मारतोय, ये, ये. तो आमच्या बोलीत म्हणाला, "तूच ये बाहेर." दार सताड उघडं होतं. हसनकाकांच्या जागी आलेला नवा शिपाई सलाम ठोकून उभा होता. बापानं पायरीला पाय लावला नाही. मी बाहेर गेलो, आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्यानं बोललो आणि तो त्याच गाडीनं परत गेला. पुढे तो वारला. माझी खुर्ची त्यानं कधी पाहिली नाही. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अडाणी माणूस, बुजला असेल." त्या दिवशी मी तुमच्या घरातून पाणी न पिता उठलो, आणि तुमच्या घरच्या वहिनी वारल्या तेव्हाच पुन्हा तुमचा उंबरा चढलो.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. अर्धांगानं तुमची उजवी बाजू गेली होती. ज्या हातानं तुम्ही एका रेषेत खंदक काढायचात तो हात उशीवर ठेवलेला होता, तुमची सून तो माश्यांपासून राखत होती. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आतून थोडं बरंही वाटलं. मी तुमच्या तोंडाशी वाकून तेच जुनं वाक्य मागितलं. म्हटलं, सर, मुलांना घेऊन येतो इथे. एकदाच म्हणा, माती कुणी वाहिली ते. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग मी दुसरा वार केला. म्हटलं, सर, मी आता होळीला दार उघडतो. कुठल्याही वारी बाप येऊ दे, मूल त्याच्याबरोबर जातं.

तुम्ही डोळे उघडलेत. वाकड्या तोंडानं एकेक अक्षर गोळा करत विचारलंत, "परत... किती येतात?"

सगळे येत नाहीत, सर. दर होळीनंतर काही बाकं रिकामी राहतात. मी गाडी घेऊन पाड्यापाड्यांवर फिरतो, काही मुलं मिळतात, काही आईबापांबरोबर गुजरातेत गेलेली असतात. गेल्या वर्षी एक मुलगी गेली, तिचं अक्षर तुमच्यासारखं होतं. ती आली नाही. तुम्हाला माझं तोंड बघून उत्तर मिळालं आणि तुमच्या ओठांचा चालणारा कोपरा हलला. तुम्ही हसलात. मरणाच्या दारात पडलेल्या माणसानं असं हसू नये. मी निघालो, दारापर्यंत गेलो, आणि मागे वळून तुम्हाला नमस्कार केला. तुम्ही पाहिलात की नाही कुणास ठाऊक.

पुन्हा येईन म्हटलं होतं. तुम्ही गेलात. ते वाक्य आता कुणाकडे मागू? रडलो मी, सर, चांगला हुंदके देऊन रडलो, बाप गेला तेव्हाही असा रडलो नव्हतो. याचाही मला राग आहे.

तर पुतळा. शनिवारच्या आधी मी विठ्ठलला टेकडीपाशी बोलावलं आणि तुमचाच धडा त्याला म्हणून दाखवला. भरावाच्या मातीवर दगड चढवू नये. त्यातून काळी माती. दोन पावसाळ्यांत पाया खचेल.

"सिमिट ओतसूत ना भो," तो म्हणाला.

"ओत. मग सिमेंटसकट कलंडेल. सर एक दिवस तोंडावर पडलेले दिसतील, सगळ्या पोरांसमोर."

विठ्ठलनं जीभ चावली. स्वतः राजा असताना तो एकदा त्या टेकडीवरून घसरला होता, मुकुटासकट, ते त्याला आठवलं असणार. "मंग कोठे बसाडूत?"

"दारासमोर. बाहेरच्या बाजूला रस्त्याच्या कडेला चांगला ओटा करू. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील."

त्याचा चेहरा उजळला. शहाद्याकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथून जाते. "वा! हाई झकास शे. पन तोंड पूर्वले ठेवजो."

पूर्वेलाच ठेवतो म्हटलं. रस्ता शाळेच्या पश्चिमेला आहे. रस्त्यावरून पूर्वेला तोंड केलं की समोर काय दिसतं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तुमचा विद्यार्थी आहे, बुरूज तेवढे लक्षात राहिलेत.

शनिवारी श्रमदान झालं. या वेळी मी सायकलवाल्यांनाही घमेली दिली, आता त्यांच्याकडे स्कूटी आहेत एवढाच फरक. विठ्ठलच्या नातवालाही दिलं. ओट्याला माती हवी म्हणून टेकडी वरून खाली खणत आणली आणि माती दाराबाहेर नेऊन ओटा भरला. होळी जवळ आली आहे, डोंगरातले बाप मुलांना न्यायला येऊ लागलेत. दारासमोर धुळीत बसलेले दोघे-तिघे काम दिसताच उठले आणि न सांगता घमेल्याला हात घालायला लागले. मी म्हटलं, बसा. त्यांना ते कळेना. हातातलं घमेलं ठेवून ते पुन्हा धुळीत बसले, तेव्हा मी त्यांना हाताला धरून दाबून सपाट केलेल्या ओट्यावर बसवलं.

मुलांना मी तिथेच तुमचा राहिलेला धडा शिकवला. इंग्लंडात तोफा आल्या, तट निकामी झाले, सरदारांना थंडगार बुरुजांपेक्षा उबदार घरं आवडायला लागली. लढायांत काही किल्ले मुद्दाम फोडले. मग आसपासची माणसं आली आणि दगड उचलून घेऊन गेली, घराला, गोठ्याला, कुंपणाला. एका मुलीनं विचारलं, मग पुढे? मी म्हटलं, पुढे काय, झालं पूर्ण. आणि सर, मी मुलांना सांगून टाकलं माती कुणी वाहिली होती ते. तुमच्या तोंडून हवं होतं, माझ्या तोंडून त्याला चव नव्हती.

पुतळा पुढच्या आठवड्यात येईल. ओटा बैठा आहे, पुतळ्याखालच्या दगडाला उंची नको म्हणून कारागिराला मी आधीच सांगून ठेवलंय. पाया मी पक्क्या जमिनीपर्यंत खणून घेतला आहे, तुम्ही खचणार नाही, तेवढं मी तुमच्याकडून शिकलोय. दोन्ही बाजूंना माणसं बसतील अशी जागा सोडली आहे. डोंगरातून आलेले बाप असतील, त्यांच्या फडक्यांत काहीबाही असेल, त्यांची मुलं आतून धावत येतील आणि ते त्यांना घेऊन जातील. किती परत येतात ते तुम्ही मोजा, तुमचं तोंड दाराकडेच आहे. सकाळी मी तुमच्या समोरून आत जाईन आणि संध्याकाळी बाहेर येईन.

तुम्ही बसा तिथे, सर. भेटीचा दिवस रविवार.